नको असलेले ई-मेल परत धाडावेत काय?

पोस्टमनने आणलेले रजिस्टर पत्र आपल्याला स्वीकारायचे नसेल तर आपण तसे सांगतो आणि तो लिफाफ्यावर ‘घेण्यास नकार, सबब परत’ असा शेरा मारून ते पाठविणाऱ्याकडे रवाना करतो. या व्यवस्थेची आपल्याला इतकी सवय आहे, की संगणकावर येणाऱ्या पत्रांच्या बाबतीतही तशीच सोय असावी असे अनेकांना वाटते. आमच्याकडे या आशयाची विचारणा वारंवार होते. अमुक एका पत्त्यावरून येणारे ई-मेल आपोआप ‘बाउन्स’ व्हावेत, म्हणजे पाठविणाऱ्याकडेच परत जावेत, आणि आपला पत्ता बंद पडला आहे असे वाटून त्याने आपला नाद सोडावा, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. कोणी जाहिरातींच्या भडिमाराने त्रासलेला असतो, कोणी लॉटरी लागल्याच्या खोट्या वार्तांनी, तर कोणाला एखाद्या परिचिताच्या पत्रांपासून सुटका हवी असते. अपेक्षा रास्त आहे. परंतु ती पुरी करण्यासाठी पत्र परत धाडण्याचा जो मार्ग निवडला जातो, तो बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो आणि त्याचा फटका भलत्याच माणसाला बसतो. हे असे का होते व त्याऐवजी काय करावे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम ई-मेलची वाहतूक कशी होते ते पाहू. ज्या नियमांनी ही वाहतूक चालते ते नियम अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. ‘एसएमटीपी’ या नावाने ते ओळखले जातात. २००१ व २००८ साली त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, तरी मूळ रीत तीच राहिली. पाठविणाऱ्याचा सर्व्हर घेणाऱ्याच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि सांगतो, की अमक्याकडून तमक्यासाठी पत्र आणले आहे. घेणारा सर्व्हर त्यावर आकड्यांच्या भाषेत उत्तर देतो. २५० म्हणजे स्वीकारले. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता अडचण आहे, थोड्या वेळाने पुन्हा या. पाचने सुरू होणारा, उदाहरणार्थ ५५०, म्हणजे कायमचा नकार.

कागदी पत्राप्रमाणेच ई-मेललाही दोन ठिकाणी पाठविणाऱ्याचे नाव असते. एक पाकिटावर आणि दुसरे आतल्या कागदावर. आपल्या पडद्यावर ‘फ्रॉम’ म्हणून जे दिसते ते आतल्या कागदावरचे नाव होय. पाकिटावरचा पत्ता सहसा आपल्या दृष्टीस पडत नाही. पत्र पोहोचले नाही तर परतीची सूचना मात्र त्याच पत्त्यावर जाते. आता गोम अशी, की मूळ नियमांमध्ये या दोहोंपैकी कोणताही पत्ता खरा आहे किंवा नाही हे तपासण्याची तरतूदच नव्हती. पाठविणारा जे लिहील ते खरे मानावयाचे. ज्या काळात संगणकांचे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते व संशोधनसंस्थांपुरते मर्यादित होते, त्या काळात हा विश्वास वावगा नव्हता. अनाहूत जाहिरातींचा पहिला ई-मेल म्हणून ज्याची नोंद केली जाते, तो गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने ३ मे १९७८ रोजी ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना पाठविला, तोही स्वतःच्या नावाने व स्वतःच्या पत्त्यावरून. लोक चिडले आणि तक्रार थेट त्याच्यापर्यंत पोहोचली. आजचा उपद्रवी पाठविणारा इतका सरळ नाही.

यावरून एक महत्त्वाचा भेद लक्षात येईल. घेणाऱ्या सर्व्हरने दारातच, म्हणजे ते पहिले संभाषण चालू असतानाच ५५० म्हणून नकार दिला, तर पत्राची जबाबदारी आणणाऱ्या सर्व्हरकडेच राहते. आपल्या ग्राहकाला कळवायचे की नाही ते त्याने पाहावे. यात घेणाऱ्याकडून कोणालाही नवे पत्र जात नाही. परंतु सर्व्हरने एकदा २५० म्हणून पत्र घरात घेतले आणि मागाहून ते नको झाले, तर परतीसाठी त्याला स्वतः एक नवे पत्र लिहून पाकिटावरच्या पत्त्यावर पाठवावे लागते. तो पत्ता खोटा असेल तर? किंवा त्याहून वाईट म्हणजे, पत्ता खरा असून माणूस दुसराच असेल तर?

उपद्रवी पाठविणारे नेमके हेच करतात. ज्या लक्षावधी पत्त्यांवर ते पत्रे धाडतात, त्यांतलाच एखादा पत्ता उचलून ते ‘पाठविणारा’ म्हणून डकवतात. मग हजारो ठिकाणांहून परत आलेली पत्रे त्या निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतात. एके सकाळी पेटी उघडावी आणि आपण कधीही न लिहिलेल्या शेकडो पत्रांच्या ‘पोहोचले नाही’ अशा सूचना समोर दिसाव्यात, हा अनुभव ज्यांना आला आहे त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही. या उलट्या शिंतोड्यांना जाणकार ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात. आपण ज्याला शिक्षा म्हणून पत्र परत करतो, त्याला ते मिळतच नाही. त्याने परतीच्या पत्त्यावर कधी डोळा ठेवलेला नसतो.

याचे एक जुने व गाजलेले उदाहरण १९९७ सालचे आहे. अमेरिकेतील ‘जोज डॉट कॉम’ हे संकेतस्थळ चालविणाऱ्याने आपल्या एका सभासदाचे खाते जाहिरातबाजीमुळे बंद केले. त्याचा सूड म्हणून, जणू संकेतस्थळाच्या मालकानेच पाठविले आहेत असे भासवणारे असंख्य ई-मेल सर्वदूर सोडण्यात आले. ते मिळालेल्या लोकांचा सगळा राग त्या मालकावर निघाला, आणि संतप्त उत्तरांच्या व हल्ल्यांच्या माऱ्यापुढे संकेतस्थळ काही दिवस बंद पडले. दुसऱ्याच्या नावाने पत्रे सोडून त्याला बदनाम करण्याच्या या प्रकाराला तेव्हापासून ‘जो जॉब’ असे नाव पडले. त्या मालकावर तुटून पडलेले लोक वाईट नव्हते. त्यांनी फक्त पत्रावरच्या नावावर विश्वास ठेवला होता. आपल्या संगणकाला पत्रे आपोआप परत करण्याची आज्ञा देणारा मनुष्य याहून वेगळे काय करतो?

कोणी म्हणेल, की आता पत्ता पडताळण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. ते खरे आहे. ‘एसपीएफ’ या युक्तीने अमुक नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात याची यादी जाहीर करता येते. ‘डीकेआयएम’ने पत्रावर सर्व्हरची संगणकीय मोहोर उमटविता येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डीमार्क’ने, ही पडताळणी फसल्यास पत्राचे काय करावे, हे पत्त्याच्या मालकाला ठरविता येते. गूगल व याहू या दोन्ही कंपन्यांनी फेब्रुवारी २०२४ पासून, मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना या पडताळण्या सक्तीच्या केल्या. त्यामुळे दुसऱ्याचा पत्ता सरसकट वापरणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. परंतु ज्यांनी आपल्या नावासाठी ही व्यवस्था केलेली नाही अशा छोट्या संस्था आजही पुष्कळ आहेत, आणि तोतयेगिरीचा त्रास त्यांनाच अधिक होतो. शिवाय पत्ता खरा ठेवून केवळ नाव खोटे लावण्याचा मार्ग मोकळाच आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

मग ही ‘बाउन्स’ची कल्पना लोकांच्या मनात आली कोठून? ती निराधार नाही. ॲपलच्या संगणकांवरील ‘मेल’ या प्रणालीत ‘बाउन्स’ नावाची एक आज्ञा खरोखरच होती. ती दिली की आलेले पत्र, जणू असा पत्ताच अस्तित्वात नाही अशा थाटाच्या सूचनेसह परत जात असे. २०११ साली ‘लायन’ ही आवृत्ती आली तेव्हा ॲपलने ही आज्ञा काढून टाकली. ‘मेलवॉशर’ या त्या काळच्या लोकप्रिय प्रणालीतही अशीच सोय होती. या सोयींमधला दोष असा, की पत्र तोवर घरात येऊन पडलेले असे. मागाहून तयार केलेली परतीची सूचना हे निव्वळ सोंग होते. ते सोंग फार काळ टिकतही नसे. प्रत्येक ई-मेलच्या माथ्यावर त्याच्या प्रवासाची नोंद असते. ती वाचता येणाऱ्या कोणालाही, ही सूचना सर्व्हरने दिलेली नसून समोरच्याने स्वतःच्या संगणकावरून पाठविली आहे, हे चटकन ओळखता येते. म्हणजे ‘मी येथे राहत नाही’ असे घरातून ओरडून सांगण्यासारखेच ते.

परिचित माणसाच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावे. भाऊबंदकीतला एखादा नातेवाईक, व्यवहारातून बिनसलेला जुना भागीदार, संस्थेतून बाहेर पडलेला एखादा सभासद यांना ‘हा पत्ता अस्तित्वात नाही’ असे खोटे कळविले, तर ते उघडकीस येण्यास वेळ लागत नाही, आणि मग मूळ दुखण्यात अप्रामाणिकपणाची भर पडते. आमच्या मते अशा ठिकाणी दोनच वाटा शोभतात. एक तर ‘यापुढे मला लिहू नये’ असे एकदाच, शांतपणे व स्पष्ट शब्दांत कळवावे. अथवा काहीही न कळविता पत्रे बाजूला पडतील अशी व्यवस्था करावी. मौन हे असत्य नव्हे.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळू. जीमेल वापरणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी असल्याने तिचेच उदाहरण घेतो. वैयक्तिक जीमेल खात्यात पत्र परत पाठविण्याची सोय नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती शोधत बसू नये. तिथे फिल्टर करता येतो, मात्र त्यासाठी मोबाइलवरील ॲप चालत नाही, संगणकाच्या ब्राउझरमधून जीमेल उघडावे लागते. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या खुणेवर क्लिक केले की काही रकाने असलेली चौकट उघडते. ‘फ्रॉम’च्या रकान्यात नको असलेला पत्ता लिहावा. एखाद्या कंपनीचे सगळेच पत्ते नको असतील तर ‘ॲट’ या चिन्हासह त्यापुढील भाग तेवढा लिहावा. यानंतर लगेच फिल्टर तयार करू नये. आधी ‘सर्च’ दाबून, या अटीत कोणकोणती जुनी पत्रे सापडतात ते पाहावे. यादीत एखादे कामाचे पत्र दिसले तर अट फार ढोबळ झाली असे समजावे. यादी ठीक वाटली की पुन्हा तीच चौकट उघडून ‘क्रिएट फिल्टर’ दाबावे आणि पुढे येणाऱ्या पर्यायांतून आपल्याला हवा तो निवडावा. ‘डिलीट इट’ निवडल्यास पत्र थेट ‘ट्रॅश’मध्ये जाते आणि तेथून ३० दिवसांनी कायमचे नष्ट होते. ‘स्किप द इनबॉक्स’ निवडून त्यास एखादे लेबल जोडले, तर पत्र नजरेआड होते, पण जपून राहते.

याहून सोपी अशी ‘ब्लॉक’ची सोय जीमेलमध्ये २०१५ पासून आहे. नको असलेले पत्र उघडून तीन टिंबांच्या खुणेखाली ती सापडते, व मोबाइलवरही चालते. अशा रीतीने अडविलेल्या पत्त्यावरची पत्रे ‘स्पॅम’मध्ये जातात. पाठविणाऱ्याला यांपैकी कशाचाही सुगावा लागत नाही. ज्या दुकानांची वा संस्थांची पत्रे आपण कधी काळी स्वतः मागितली होती, त्यांच्यासाठी ‘अनसबस्क्राइब’ हाच प्रामाणिक उपाय होय. परंतु पूर्णतः अनोळखी व संशयास्पद पत्रातील तशाच नावाच्या दुव्यावर चुकूनही क्लिक करू नये. आपण पत्र वाचतो, हे त्यामुळे त्यांना कळते. आउटलुकमध्ये ठरावीक मजकुराचे उत्तर आपोआप पाठविण्याचा नियम करता येतो व काही जण त्यालाच बाउन्सचे रूप देतात. त्याचाही परिणाम हाच.

शब्दांवर आधारलेले फिल्टर करताना फार सावध असावे. कर्जाच्या जाहिरातींना वैतागून ‘लोन’ हा शब्द असलेले प्रत्येक पत्र नष्ट करण्याची आज्ञा देणाऱ्याला, आपल्याच पतपेढीने हप्त्याविषयी पाठविलेली सूचना कधीच दिसणार नाही. शब्दांच्या फिल्टरला ‘डिलीट’ हा पर्याय जोडू नये, लेबलच जोडावे, असे आम्ही सुचवितो.

शाळा, पतसंस्था, धर्मग्रामाचे कार्यालय अशा ज्या संस्थांचे स्वतःच्या नावाचे पत्ते आहेत, त्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्यापैकी कित्येकांची व्यवस्था ‘सीपॅनेल’ या प्रणालीवर चालते. तीत फिल्टर करताना दोन पर्याय समोर येतात, ‘डिस्कार्ड मेसेज’ व ‘फेल विथ मेसेज’. पहिल्याने पत्र गुपचूप नष्ट होते. दुसऱ्याने ते नष्ट होऊन पाठविणाऱ्याला आपण लिहून ठेवलेल्या मजकुराची सूचना जाते. अनेकांना दुसरा पर्याय मोह घालतो, कारण त्यात आपले म्हणणे ऐकविल्याचे समाधान आहे. परंतु वर सांगितलेला सारा धोका त्यातच आहे. इतकेच नव्हे, तर भलत्यांना परतीची पत्रे पाठविणाऱ्या सर्व्हरचे नाव काळ्या यादीत जाऊ शकते, आणि मग त्या संस्थेची खरी पत्रेही लोकांच्या पेटीपर्यंत पोहोचेनाशी होतात. ज्या संस्था गूगल वर्कस्पेस वापरतात त्यांच्या व्यवस्थापकाला मात्र ठरावीक पत्त्यांची यादी करून त्यांची पत्रे नाकारता येतात व नकाराचा मजकूरही ठरविता येतो. खरोखरच ओळखीचा व खऱ्या पत्त्यावरून लिहिणारा मनुष्य असेल आणि त्याला नकार कळावा अशीच इच्छा असेल, तर हा मार्ग आहे.

नियम करणाऱ्यांनाही हा धडा शिकायला वेळ लागला. फिल्टर लिहिण्यासाठी ‘सीव्ह’ नावाची एक संगणकीय भाषा आहे. जानेवारी २००१ मधील तिच्या पहिल्या नियमावलीत पत्र नाकारून सूचना पाठविणारी ‘रिजेक्ट’ ही आज्ञा होती. २००९ साली ती नव्याने मांडताना, शक्य असेल तेथे नकार दारातच द्यावा असे ठरले आणि त्यासाठी ‘ईरिजेक्ट’ ही निराळी आज्ञा आली.

आता राहिला नावाच्या तोतयेगिरीचा प्रश्न. तो आपल्या वाचकांच्या अगदी जवळचा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ साली एक इशारा दिला होता. तेथील भाविकांना त्यांच्या धर्मगुरूंच्या नावाने ई-मेल येत होते. एका सत्कार्यासाठी तातडीने गिफ्ट कार्डे विकत घ्या व त्यांवरील क्रमांक कळवा, अशी त्यांत विनंती असे. नाव धर्मगुरूंचे, पत्ता मात्र कोठल्याशा फुकट खात्याचा. मोबाइलच्या लहान पडद्यावर बहुधा नावच तेवढे दिसते, आणि आपल्या फादरांनी मागितले म्हटल्यावर नाही म्हणणार कोण? येथे पत्ता अडवून भागत नाही, कारण उद्या तो बदललेला असतो.

अशा वेळी फिल्टर उलट्या दिशेने लावावा. जीमेलच्या त्याच चौकटीत ‘फ्रॉम’च्या रकान्यात धर्मगुरूंचे, मुख्याध्यापकांचे वा अध्यक्षांचे नाव लिहावे. ‘डझन्ट हॅव’ या रकान्यात इंग्रजीतून फ्रॉम हा शब्द, त्यास लागून कोलन व त्यास लागूनच त्यांचा खरा पत्ता लिहावा. म्हणजे नाव त्यांचे पण पत्ता त्यांचा नाही, अशीच पत्रे या अटीत सापडतील. त्यांना ‘तपासावे’ असे लेबल लावावे, नष्ट मात्र करू नये. कारण कधी कधी फादर खरोखरच दुसऱ्या खात्यावरून लिहितात. पैशांची मागणी असेल तर पत्राला उत्तर न देता आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

याउलट धमकीची, अश्लील वा पाठलाग करणारी पत्रे येत असतील तर ती परत करू नयेत, आणि नष्ट तर मुळीच करू नयेत. आमच्याकडे विचारणा करणाऱ्यांत भगिनीही असतात, म्हणून हे आग्रहाने सांगतो. नकोशा पत्राचा तिटकारा येऊन ते पुसून टाकावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण तेच पत्र पुरावा असते. ‘स्किप द इनबॉक्स’ व लेबल यांच्या साहाय्याने ती दृष्टीआड जमा होऊ द्यावीत. ‘ब्लॉक’ही टाळावे, कारण ‘स्पॅम’मधील पत्रे ३० दिवसांनी पुसली जातात. तक्रार करताना पत्राची नुसती छापील प्रत पुरत नाही, माथ्यावरची प्रवासाची नोंदही लागते. जीमेलमध्ये ती ‘शो ओरिजिनल’ या आज्ञेने दिसते व उतरवून घेता येते. एखाद्या स्त्रीने नको म्हटल्यावरही तिच्याशी पुनःपुन्हा संपर्क साधू पाहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पूर्वी त्रासदायक ई-मेलसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ अ’ या कलमाचा आधार घेतला जाई. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरविले असूनही अनेक जण अद्याप त्याचाच उल्लेख करतात. तक्रारअर्जात तो करू नये.

केलेले सर्व फिल्टर व अडविलेले पत्ते जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ या सदराखाली एकत्र पाहता येतात. वर्षातून दोन-तीनदा ही यादी चाळावी. तीत कधी काळी रागाच्या भरात अडविलेला एखादा पत्ता आढळेल. तो अजून अडवायचा आहे काय, हे त्या वेळी ठरविता येईल. ‘अनब्लॉक’चे बटण त्याच ओळीत असते.